पुनर्बांधणी चालू आहे

केलर्सबर्ग शहराच्या बेसबॉल संघाने जिंकण्यासाठी हरण्याचा निर्णय घेतला, आणि तो रीतसर पत्रकार परिषद बोलावून जाहीर केला. संघाचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे. आमच्या टोप्यांवर एका पायावर उभा असलेला निळा बगळा आहे. तो कशाची वाट बघतोय हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी महाव्यवस्थापक प्रेस्टन ऑल्डरिज यांनी आपणहून सांगून टाकलं, की तो भविष्याची वाट बघतोय. टाळ्या पडल्या. योजना पाच वर्षांची होती. हे तिचं नववं वर्ष.

मी वांडा क्रोलिक, स्टेडियमवर ऑर्गन वाजवते. माझा कोनाडा अगदी वर, प्रेस्टनसाहेबांच्या काचेच्या खोलीला लागून आहे. मधला पडदा पातळ असल्यामुळे संघाचं धोरण मला पत्रकारांच्या आधी कळतं. धोरण समजायला सोपं होतं. लीगचा नियम असा, की हंगामाच्या शेवटी जो संघ तळाला, त्याला त्या वर्षीच्या नव्या पोरांमधून पहिला खेळाडू निवडायचा हक्क. नियम करणाऱ्यांचा हेतू दुबळ्यांना हात देण्याचा होता. साहेबांनी त्यातून निष्कर्ष काढला, की हात हवा असेल तर आधी दुबळं व्हावं लागतं, आणि व्हायचंच तर मन लावून व्हावं.

म्हणून आधी चांगले खेळाडू विकले. मग बरे विकले. एका शनिवारी आमच्या तिसऱ्या बेसवरच्या गृहस्थांनी निव्वळ सवयीने चेंडू कुंपणाबाहेर मारला आणि सामना जिंकून दिला. साहेबांनी त्यांना खोलीत बोलावून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. त्यांनी माफी मागितली, पुन्हा होणार नाही म्हणाले. सोमवारी त्यांना ओरेगनला पाठवलं.

माझ्याकडे साहेब जातीने आले. प्रेक्षकांना चेव आणणारी धून आजपासून बंद, म्हणाले. प्रेक्षकांना चेव आला की खेळाडूंना येतो, आणि खेळाडूंना आला की धावा होतात. मग वाजवू काय, मी विचारलं. साहेब म्हणाले, काहीतरी संयमाचं. तेव्हापासून मी अंत्यदर्शनाच्या रांगेसाठी वाजवतात ते वाजवते. साहेबांना फार आवडलं.

शहराने पहिल्या वर्षी शिव्या घातल्या, दुसऱ्या वर्षी प्रश्न विचारले आणि तिसऱ्या वर्षी दुसऱ्यांना समजावून सांगायला सुरुवात केली. तिसऱ्या रांगेत बसणारे क्लॅरेन्स प्रुइट हे निवृत्त बसचालक. पूर्वी त्यांचा आवाज नदीपलीकडे जायचा. आता संघ अकरा धावांनी हरला की ते मान डोलावून म्हणतात, आजचा पराभव फार दर्जेदार होता. त्यांच्या घराच्या ओसरीचं छप्पर कोसळलं, तेव्हा त्यांनी बायकोला सांगितलं की ही पुनर्बांधणी आहे, घाई केली तर पाया कच्चा राहील. त्या माउलीने तीन हिवाळे मागच्या दाराने ये-जा केली.

चांगली कल्पना एका जागी थांबत नाही. आमच्या चर्चच्या गायनवृंदाने दोन उत्तम गायिका शेजारच्या चर्चला देऊन बदल्यात चार शाळकरी मुली घेतल्या, पुढे चांगलं गातील म्हणून. अग्निशामक दलाने अनुभवी लोकांना घरी बसवून तरुण भरले, आणि तरुणांना आगीपासून जपायला हवं म्हणून आगीवर पाठवणं बंद केलं. बाजाराजवळचं लाकडाचं गोदाम जळालं तेव्हा जवान समोरच्या फुटपाथवर उभे राहून निरीक्षण करत होते. महापौर म्हणाले, या पोरांमध्ये काय क्षमता आहे बघा. खरोखरच होती.

आता वेंडलबद्दल सांगते, कारण हे सगळं ज्याच्यासाठी चाललं होतं तो वेंडलच. वेंडल ओस्टरहाउट, नेब्रास्काच्या मक्याच्या शेतातला पोरगा. पुनर्बांधणीच्या पहिल्याच वर्षी, तळाला गेल्याचं बक्षीस म्हणून तो आम्हाला मिळाला. अठराव्या वर्षी तो डाव्या हाताने असा चेंडू फेकायचा, की समोरचा बॅटर बॅट फिरवायचा तेव्हा चेंडू कॅचरच्या हातमोज्यात जाऊन बसलेला असायचा. असा हात शतकातून एकदाच येतो, साहेब म्हणाले. आणि शतकातून एकदा येणारी वस्तू कोणी रोज वापरतं का?

सुरुवात माफक होती. थंडीत फेकायचं नाही. मग उन्हात फेकायचं नाही. मग डॉक्टरांनी शोधून काढलं की हाताला खरी इजा चेंडू सोडताना होते, म्हणून चेंडूच बंद केला. वेंडल रोज सकाळी हातात टॉवेल धरून चेंडू फेकल्यासारखं करायचा. टॉवेल कोरडा हवा, ओल्याला वजन असतं. मग विमा कंपनी आली आणि तिने डाव्या हाताने बरणी उघडायला, टॅक्सी थांबवायला आणि हस्तांदोलनाला मनाई केली. वेंडलचं नोरीनशी लग्न लागलं, तेव्हा डाव्या बोटात अंगठी घालायलाही हरकत आली, रक्ताभिसरणाचं कारण देऊन. पाद्रीबाबांनी उजव्या हातावर भागवलं. त्यांना मुलगी झाली, तीसुद्धा त्याने कायम उजव्या हातावर घेतली. डाव्या हातावर बाळ घेणं करारात बसत नव्हतं, बाळ वाढतं म्हणून.

दर वसंतात पत्रकार विचारायचे, यंदा वेंडल खेळणार का. साहेब म्हणायचे, अजून थोडा कच्चा आहे. आता तो सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होता, कपाळ मागे सरकत चाललं होतं, आणि माहितीपत्रकात त्याला 'उगवता तारा' म्हणत होते. हंगामात एक दिवस त्याची मान डोलवणारी बाहुली वाटायचे. त्या दिवशी स्टेडियम तुडुंब भरायचं. ज्याने संघासाठी एकही चेंडू टाकला नव्हता, त्याच्या बाहुलीसाठी लोक पहाटेपासून रांगेत उभे राहायचे, आणि ती खोक्यातून बाहेर काढायचे नाहीत, किंमत उतरते म्हणून. माझ्याकडेही एक आहे, खोक्यात.

वेंडल अधूनमधून माझ्या कोनाड्यात यायचा. तिथे हीटर होता आणि हात उबेत ठेवायची त्याला सक्ती होती. एकदा माझ्या बोटांकडे बराच वेळ बघत बसला.

"वांडाबाई, इतकी वर्षं वाजवताय, बोटं दुखत नाहीत?"

"दुखतात की. गरम पाण्यात बुडवते आणि पुन्हा येते."

"डॉक्टर म्हणत नाही, जपून ठेवा म्हणून?"

"जपून ठेवून काय करू? लोणचं घालू?"

तो हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मी कसा फेकायचो ते माझं मलाच आठवत नाही आता. नोरीनला वाटतं मी बाता मारतो. तिने कधी बघितलंच नाही ना. एक डाव द्या मला, एकच. मग हात तुटून पडला तरी बेहत्तर."

मी त्याला गप्प बसवलं, कारण आमच्या भिंतींना खरोखरच विमा कंपनीचे कान होते. पण तो गेल्यावर मला इतका संताप आला, की अंत्यदर्शनाची ती चाल मी दुप्पट वेगाने वाजवली, आणि खाली आमच्या एका खेळाडूने दचकून झेल पकडला.

हंगामाचा शेवटचा रविवार उजाडला तेव्हा तळाला दोन संघ होते, अगदी खांद्याला खांदा लावून. एक आम्ही आणि दुसरे डनमोरचे ब्लॅकस्मिथ्स, म्हणजे लोहार. आणि योगायोग असा, की शेवटचा सामना याच दोघांचा होता. हरेल त्याला पहिली निवड. निवडायचा कोण, हेही ठरलेलं होतं. टेक्सासचा अठरा वर्षांचा पोरगा, डावखुरा. असा हात शतकातून एकदाच येतो, साहेब म्हणाले. मी पडद्याआडून ऐकलं आणि मनात शतकं मोजली.

पण त्यापुढचं वाक्य जास्त महत्त्वाचं होतं. विमा कंपनी एका संघात एकच शतकी हात सांभाळायला तयार होती. म्हणजे आम्ही हरलो, की टेक्सासचं पोरगं येणार आणि वेंडल सोमवारी नेब्रास्काच्या बसमध्ये. नऊ वर्षं जपलेला माणूस, एकही चेंडू न टाकता. आमचे म्हातारे प्रशिक्षक गस हॅनिगन यांनी ही बातमी वेंडलला सामन्याआधी सांगितली. वेंडलने टॉवेलची घडी घातली आणि तो बाकावर टोकाला जाऊन बसला. वर प्रेक्षकांत नोरीन लेकीला घेऊन बसली होती. तिला हे माहीत होतं की नाही, मला कळलं नाही.

दुपारी सामना सुरू झाला. मुद्दाम हरायला लीगची सक्त मनाई आहे. त्यासाठी प्रामाणिकपणा निरीक्षक म्हणून एक गृहस्थ आले होते. त्यांनी दोन्ही संघांचा खेळ बारकाईने पाहिला आणि अभिप्राय दिला की संशयास्पद काही नाही, हे वर्षभर असेच खेळतात.

अडचण वेगळीच निघाली. हरायचं तर समोरच्याने धाव काढायला हवी, आणि समोरच्यालाही हरायचं होतं. आमच्या पिचरने इतके वेडेवाकडे चेंडू फेकले की डनमोरचा बॅटर नुसता उभा राहिला असता तरी त्याला फुकट बेस मिळाला असता. पण तो उभा राहील तर शपथ. चेंडू डोक्यावरून जावो की प्रेक्षकांत, हा पठ्ठ्या बॅट फिरवायचा, चुकायचा आणि बाद होऊन आनंदाने परत जायचा. मग आमचे लोक जाऊन तेच करायचे. आमच्या पिचरने अंगावर चेंडू मारून बेस देऊन बघितला, तर डनमोरच्या बॅटरने नर्तकीसारखी गिरकी घेऊन तो चुकवला. एकाने चुकून चेंडूला बॅट लावली, तेव्हा तो पहिल्या बेसकडे इतक्या सावकाश निघाला की वाटेत त्याने बुटाची नाडी बांधली. आमचा क्षेत्ररक्षक चेंडू हातात घेऊन थांबला होता. जा रे बाबा, तो कळवळून म्हणाला. तू टाक ना आधी, नाडीवाला म्हणाला.

नऊ डाव झाले, शून्य-शून्य. आणि बेसबॉलमध्ये बरोबरी नसते. कोणीतरी जिंकेपर्यंत खेळावंच लागतं. डावामागून डाव गेले. पिचर संपले. मग कॅचरने फेकलं, मग मैदानाच्या कोपऱ्यातल्याने फेकलं. माणसं खांदे धरून बसली. साहेबांनी निरीक्षकांना विचारलं, मैदान सोडून गेलो तर? निरीक्षक म्हणाले, तर हार मिळेल, पण निवडीचा हक्क जाईल. साहेब खुर्चीत बसले, पुन्हा उठले, आणि पडदा बाजूला करून माझ्याकडे बघू लागले.

"वांडाबाई, तुमच्या करारात 'आणि इतर कामे' असं आहे ना?"

"मी अडुसष्ट वर्षांची आहे, साहेब."

"म्हणजे धोका कमी."

मी बूट काढून दाखवले, पायाला सूज होती. साहेब निराश झाले. तेवढ्यात खाली गसने हात वर केला आणि पंचांना नवा पिचर सांगितला. बाकाच्या टोकावरून वेंडल उठला.

साहेबांनी खालचा फोन लावला. गसने तो उचलला, ऐकला आणि खेळाडू चघळतात त्या सूर्यफुलाच्या बियांच्या बादलीत ठेवून दिला. साहेब बियांना बराच वेळ समजावत होते, की ही राष्ट्रीय संपत्ती आहे, याला हवेत काढू नका.

वेंडल मैदानाच्या मधल्या उंचवट्यावर पोचला आणि स्टेडियममध्ये जे झालं ते मी विसरणार नाही. लोक घाबरले. क्लॅरेन्स प्रुइट यांना कित्येक वर्षांनी आवाज फुटला. "काढा त्याला. अरे, हात मोडेल पोराचा." मग सगळं स्टेडियमच ओरडायला लागलं. बायका रडू लागल्या. कोणी स्वेटर फेकला, कोणी मफलर. जो दिवस यावा म्हणून या लोकांनी नऊ वर्षं हार खाल्ली, तो दिवस आला होता, आणि ते हात जोडून सांगत होते की आज नको.

वेंडलने चेंडू हातात फिरवून बघितला. टॉवेलपेक्षा बरा आहे, असं काहीतरी तो पुटपुटला असावा. मग त्याने फेकला. कॅचरच्या हातमोज्याचा आवाज माझ्या कोनाड्यापर्यंत आला. पहिल्या बॅटरने ठरल्याप्रमाणे चुकवायला बॅट फिरवली, पण चेंडू कधीच पोचला होता, चुकवायलाही काही उरलं नव्हतं. तो बाद होऊन गेला. दुसरा बॅटर मात्र थबकला. हरायला आलेला माणूस, पण असा चेंडू बघितला आणि त्याच्यातला खेळाडू जागा झाला. त्याने खरोखर मारायचा प्रयत्न केला, जीव तोडून केला, तीनदा केला. जाताना त्याने वेंडलला टोपी काढून सलाम केला. मला आनंद आवरेना. माझे हात आपोआप त्या बंद केलेल्या चेवाच्या धुनीवर गेले आणि मी ती पेडल मोडेस्तोवर वाजवली. साहेब ऑर्गनची वायर शोधत होते.

तिसरा बॅटरही गेला. पण शेवटचा चेंडू सुटताना 'कट्' असा आवाज आला. वेंडलने कोपर धरलं, तोंड वाकडं केलं, आणि मग हसला.

आता आमची फलंदाजी, आणि बाकावर धड माणूस उरलाच नव्हता, म्हणून बॅट घेऊनही वेंडलच गेला. डनमोरच्या पिचरने त्याला तान्ह्या पोराला टाकावा तसा, खालून, हळूच चेंडू टाकला. वेंडल चुकवेल असं त्याने गृहीत धरलं होतं. वेंडलने मारला. चेंडू दोघा क्षेत्ररक्षकांच्या मध्ये पडला, आणि दोघांनी एकमेकांना आदराने वाट दिली. वेंडल धावत सुटला. दुसऱ्या बेसला डनमोरच्या माणसाने चेंडू उचलून नेम धरून प्रेक्षकांत फेकला. तिसऱ्या बेसला आमचाच सहायक आडवा हात करून त्याला थांबवत होता. वेंडल त्याच्या हाताखालून गेला. शेवटी डनमोरचा कॅचर बाजूला सरकला आणि त्याने धाव पूर्ण होते तो घरचा बेस टोपीने झाडून दिला. आम्ही जिंकलो.

नोरीन केव्हा खाली उतरून आली कळलं नाही. वेंडलने कठड्यावरून वाकून लेकीला उचललं, डाव्या हातावर. पोरगी ओळख नसल्यासारखी त्या हाताकडे बघत होती. स्टेडियमभर एकदम "अगं आई गं" झालं.

संध्याकाळी पत्रकार परिषदेत साहेबांचा चेहरा पांढराफटक होता. "आम्ही जिंकलो," ते म्हणाले, "आणि त्याची संपूर्ण जबाबदारी मी स्वीकारतो." टेक्सासचं पोरगं डनमोरला गेलं, तिथे आता ते कोरडा टॉवेल फेकतं म्हणतात. गसला घरी बसवलं, मला चौकशीला बोलावलं. वेंडलला सोमवारी मोकळं केलं, हात वापरलेला असल्यामुळे. लोकांनी पुढचं वर्ष नव्या योजनेचं पहिलं मानायचं ठरवलं. तीही पाचच वर्षांची आहे.

आणि गंमत म्हणजे, तो डाव कसा होता हे केलर्सबर्गमध्ये कोणालाच सांगता येत नाही. वेंडलचा हात वर गेला की सगळ्यांनी भीतीने डोळे मिटले होते. उघड्या डोळ्यांनी बघितलं ते गसने, नोरीनने आणि मी.

तुम्ही बाहेरचे, तुम्हाला हे खुळ्यांचं गाव वाटणार, वाटू द्या. मी तुम्हाला तो डाव सांगितला, हातमोज्याचा आवाज सांगितला, सलाम सांगितला, बापाच्या डाव्या हातावर बसलेली पोरगी सांगितली. आता खरं बोला. त्या 'कट्'पासून तुमच्या डोक्यात एकच चाललंय ना, की हाताला काही झालं तर नाही? मग या. पुढच्या हंगामाची तिकिटं निघाली आहेत.